सहावी भाकरी

“ह्ये पीठ आता पाणीबी धरत न्हाई. थापली की कडंनं फाटतीया. तरी ह्यांचं एकच, भाकरीच कर. भात काय वाईट हुता म्हणते मी?”

पडद्यापलीकडे अक्काताई पुटपुटत होती. पडदा म्हणजे जुन्या लुगड्याचा अर्धा तुकडा. मी अलीकडे, हातभर अंतरावर, मोरीत पाय धूत होते. पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू येत नसेल असं तिला वाटलं असावं. मला सगळं ऐकू येत होतं. तीन दिवसांच्या प्रवासात माझे कान तेवढे जागे राहिले होते, बाकी सगळं अंग झोपलं होतं.

मग तिच्या नवऱ्याचा, हिंदुरावांचा आवाज आला, दबका. “हळू बोल. लांबनं आल्यात. गावाकडचं काहीतरी पोटात जाऊ दे आधी.”

“आणि मग?”

“मग बघू.”

तांब्यातलं पाणी संपलं. तरी मी रिकामा तांब्या पायांवर तिरका धरून तशीच उभी राहिले.

ही गोष्ट बुटवलची. नेपाळातलं गाव. सपाट मुलूख तिथं संपतो आणि गावाच्या डोक्यावरच डोंगर उभा राहतो. आमच्या खानापूर तालुक्यातल्या घराघरातून एखादा तरी पुरुष गलाईच्या धंद्यावर लांब गेलेला असतो. जुने दागिने भट्टीत वितळवायचे, तेजाबात, म्हणजे ॲसिडात, टाकून सोनं शुद्ध करायचं, असं ते काम. आमचे हे, म्हणजे अधिकराव, हिंदुरावांच्या दुकानात सात वर्षांपासून होते. वर्षातून एकदा, जत्रेला, घरी यायचे. बाकी वर्षभर पत्र.

पत्रांचं सांगितलं पाहिजे. मी शाळेत दुसरीपर्यंत गेले, तीही शेळी घेऊन. लग्नानंतर ह्यांची पत्रं यायला लागली ती मास्तरीणबाई वाचून दाखवायच्या. बाई चांगल्या होत्या, पण काही ओळींवर आल्या की घसा साफ करायच्या आणि पुढची ओळ घ्यायच्या. त्या गाळलेल्या ओळींसाठी मी अक्षरं शिकले. पाटी नाही, पुस्तक नाही. ह्यांची पत्रं समोर ठेवायची आणि चुलीपुढच्या राखेत बोटानं गिरवायची. त्यामुळे मला पहिली काही वर्षं जगातलं एकच अक्षर वाचता यायचं, अधिकरावांचं. त्यांचा ‘श’ पोटात जरा फुगलेला असायचा. माझ्या नावातला.

त्या पौषात पत्र आलं त्यातला ‘श’ सरळ होता. ‘मी मजेत आहे, काळजी नसावी’, खाली नाव ह्यांचं, अक्षर दुसऱ्याचं. मी ते पत्र तीनदा वाचलं आणि सासूबाईंना म्हणाले, “मजेत आहेत.” पंधरा दिवसांनी तार आली. तार धाकट्या दिराच्या नावानं. जगन्नाथ भाऊजींनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि मला म्हणाले, “वयनी, दादाला जरा बरं न्हाई. आपण दोघं जाऊन येऊ.”

“तारेत काय लिहिलंय?”

“शालनला घेऊन या.”

माझी सहा वर्षांची पोर सासूबाईंच्या पदराला धरून उभी होती. त्यांनी नुसतं माझ्या कपाळाकडे बघितलं आणि नजर काढून घेतली.

जगू भाऊजी म्हणजे घरात पाण्याचा तांब्या मागून घेणारा माणूस. स्वतःच्या लग्नात सुद्धा अक्षता दुसऱ्यानं हातात द्याव्या लागल्या होत्या. त्या माणसानं कऱ्हाड स्टेशनवर मला आपणहून चहा आणून दिला. पुण्याला केळी आणली. भुसावळला पुन्हा चहा, वर बिस्कीट. मी विचारलं, “भाऊजी, तारेत खरंच एवढंच होतं?” ते म्हणाले, “एवढंच.” गोरखपूरला उतरल्यावर पुन्हा विचारलं, तर “पोचल्यावर बघू, वयनी” म्हणून त्यांनी माझी पिशवी खांद्याला लावली. माझी पिशवी! मग मी विचारायचं सोडलं.

सरहद्दीवर कुणी आम्हांला कागद विचारला नाही. एका कमानीखालून चालत गेलो, तेवढ्यानं देश बदलला. धुकं इतकं की पलीकडचा देश दिसतच नव्हता. पाट्यांवरची अक्षरं मात्र आपलीच होती. अक्षर ओळखीचं आणि शब्द परका. मला ते पत्र आठवलं.

बुटवलच्या थांब्यावर हिंदुराव एकटे उभे होते. हे नव्हते. हिंदुरावांनी मला “आलात?” एवढं विचारलं आणि जगू भाऊजींना पानाच्या टपरीमागं नेलं. मी सामानाजवळ उभी राहिले. भाऊजी परत आले तेव्हा त्यांचं तोंड धुतलेलं होतं, केस ओले, शर्टाच्या कॉलरीवरून पाणी ओघळत होतं. माघाच्या त्या थंडीत माणूस हौसेनं तोंड धूत नाही.

दुकान रस्त्यावर, बिऱ्हाड वरच्या मजल्यावर. बुधवार होता, सकाळचे अकरा वाजलेले, आणि दुकानाच्या फळ्या लावलेल्या. ह्यांनी पत्रात लिहिलं होतं, आमची भट्टी दिवाळीलासुद्धा पुरती विझत नाही. जिन्याच्या तोंडाशी ह्यांच्या चपला होत्या. मी ओळखल्या. त्यांच्यावर बोट बुडेल एवढी धूळ होती.

अक्काताईनं दारातच मला थांबवलं. भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि म्हणाली, “थांब, पहिल्यांदा आलीस.” करंडा आणून तिनं मला कुंकू लावलं. लावताना कुंकू नाकावर सांडलं. एरवी आम्ही बायका ह्याला शुभ म्हणतो. तिनं पदरानं माझं नाक पुसलं आणि घाईनं गॅसच्या चुलीकडे वळली.

“हे कुठं आहेत?” असं मी तिथंच, उंबऱ्यात विचारायला हवं होतं. आज कुणालाही हे सोपं वाटेल. पण विचारलं की उत्तर येतं.

तर मी मोरीतून बाहेर आले आणि पाटावर बसले.

खोली एकच, मध्ये प्लायवूडची आडभिंत घालून तिच्या दोन केलेल्या. आडभिंतीला ह्या बाजूनं देवाचं कॅलेंडर, पलीकडे जायला कोपऱ्यात दार, दारावर पडदा, पडदा ओढलेला. खिडकी थंडीसाठी घट्ट लावलेली. माझ्या समोर स्टीलचं ताट आलं. ताटात ज्वारीची भाकरी, कांदा, आणि पिठलं.

“ज्वारी हितं मिळत न्हाई,” अक्काताई म्हणाली. “जत्रेवरनं येताना आणली हुती मी. तुझ्यासाठी काढली. खा.”

मी भाकरी मोडली. पिठल्याला लावली. घास तोंडात घातला आणि माझा हात ताटातच थांबला.

पिठल्याला फोडणी नव्हती.

मीठ होतं, हिरवी मिरची होती, पण तेल नाही, मोहरी नाही, लसूण नाही. उकळत्या पाण्यात पीठ घोटलेलं नुसतं. आमच्याकडे असं पिठलं एकाच घरात होतं. घरातलं माणूस गेलं की दहा दिवस कढई तापत नाही, फोडणीचा वास उंबऱ्याबाहेर जात नाही.

“काय झालं?” हिंदुराव भिंतीला टेकून बसले होते. “खावा की वयनी. लांबनं आलाय.”

हे शब्द मला पाठ होते. मीच म्हटलेले होते.

चार वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतली शेवंता सकाळच्या एसटीनं माहेरी आली होती. तिचा नवरा आदल्या दिवशी अपघातात गेला होता आणि तिला फक्त ‘आई आजारी आहे’ म्हणून बोलावलं होतं. तिच्या घरात रडारड, म्हणून बायकांनी तिला वाटेतच अडवून आमच्या घरी आणलं. आमच्याकडे असली बातमी उपाशी पोटी सांगत नाहीत. नंतर बाई दोन-दोन दिवस तोंडात पाणी घेत नाही, म्हणून आधी चार घास खाऊ घालतात. भाकरी मी केली. मीच वाढली. “खा गं, लांबनं आलीस,” म्हणाले. तिनं दीड भाकरी खाल्ली, माझ्या ठेच्याचं कौतुक केलं, हात धुतला. मग थोरल्या बायकांनी तिला सांगितलं.

पुढं कधीतरी ती मला म्हणाली होती, “शालन, तुझ्या हातची भाकरी चांगली असती. पण माझ्या घशाखाली ती परत काय उतरली न्हाई.”

म्हणजे आता मी शेवंता होते. अक्काताई मी होती.

मी दुसरा घास घेतला. चावला. तो खाली जाईना, पाण्यानं ढकलला. आणि तेव्हा एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. शेवंतानं हात धुतल्यावर आम्ही सांगितलं. ताटावर बसलेल्या बाईला कुणी सांगत नाही. माझा हात ताटात आहे तोवर मी अधिकरावांची बायको आहे.

पहिली भाकरी मी सावकाश संपवली. अक्काताईनं न विचारता दुसरी टाकली. जगू भाऊजींनी भात मागून घेतला होता आणि ते त्या भाताची एकेक शिताची रांग करत होते.

“भाऊजी, जेवा की,” मी म्हणाले.

“जेवतोय,” ते म्हणाले आणि रांग मोडून पुन्हा केली.

दुसरी भाकरी संपली. अक्काताई हात धुवायला तांब्या पुढं करणार, तोच मी म्हणाले, “अजून एक वाढा.”

“वाढते की!” तिला आनंदच झाला. माझ्या भुकेचं तिला कौतुक वाटलं. परातीवर भाकरीचा आवाज सुरू झाला. थप्‌ थप्‌ थप्‌. त्या आवाजाएवढा गोड आवाज मी त्यानंतर ऐकलेला नाही. तो चालू आहे तोवर काही होणार नव्हतं.

तिसरी मी नखाएवढे तुकडे करून खाल्ली. हिंदुराव प्रवासाचं विचारत होते. गाडीला गर्दी होती का, सरहद्दीवर सुनौलीला बस लगेच मिळाली का. मी प्रत्येक गोष्टीचं लांबलचक उत्तर दिलं. आयुष्यात मी परक्या पुरुषाशी एवढं बोलले नव्हते. झाशीला एका म्हातारीनं खिडकीतून पेरू कसे घेतले, तेही सांगितलं. हिंदुराव “असं का” म्हणत होते आणि त्यांचे डोळे आडभिंतीवरच्या कॅलेंडरवर होते.

“अजून एक,” मी म्हणाले.

चौथी आली. ती आली तेव्हा अक्काताईच्या कपाळाला आठी होती. पोटात दगड भरावेत तसं होत होतं. पिठलं थंड होऊन त्यावर साय धरली होती. मी कांद्याची एकेक पाकळी सुटी केली. डोळ्यांतून पाणी आलं ते कांद्यावर खपून गेलं.

तेवढ्यात आडभिंतीपलीकडे स्टीलचा पेला पडला. घरंगळत गेला आणि कशाला तरी लागून थांबला.

“मांजर हाय,” हिंदुराव म्हणाले.

“उंदीर,” अक्काताई त्याच क्षणी म्हणाली.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जगू भाऊजींनी मान इतकी खाली घातली की भातात जाते की काय. पलीकडे कोण होतं? ह्यांची आई तर गावाकडे. मला सांगितल्यावर सावरायला आणून ठेवलेल्या शेजारणी? आम्हीपण शेवंताच्या वेळी दोघी धडधाकट बायका माजघरात बसवल्या होत्या. ती कोसळली तर धरायला.

“अजून एक,” मी म्हणाले.

अक्काताई चुलीकडे गेली, पण तिनं नवऱ्याला खुणेनं बोलावलं. मोरीच्या पडद्याआडून तिची कुजबूज पुन्हा माझ्या कानाशी. “आवं, डब्याचं बूड दिसाय लागलं. ही बाई जेवती का काय करती? चार झाल्या.”

“खाऊ दे.”

“खाऊ दे काय? माझ्या बापाच्या जल्मात बाईमाणसानं पाच भाकरी खाल्ल्याली बघितली न्हाई. तिचं तोंड बघा की, घास गिळताना फासावर चालल्यावानी करतीया.”

“मग तू सांग जा तिला.”

“मी? मी का म्हणून? ज्यानं सांगायचं तो बसलाय...” आणि तिचा आवाज थांबला.

थप्‌ थप्‌ थप्‌. पाचवी.

पाचवी मी कशी खाल्ली ते मला आठवत नाही. एवढं आठवतं की निम्म्यात मी ह्यांना मनातल्या मनात हाका मारत होते आणि मोठ्यानं हिंदुरावांना विचारत होते, की इथं थंडी किती महिने असते. हिंदुराव म्हणाले, “फाल्गुनापर्यंत.” पुढं काय विचारावं ते सुचेना. शब्द संपले. जगू भाऊजी उठले, मोरीत गेले, पुन्हा तोंड धुतल्याचा आवाज आला.

अक्काताई सहावी भाकरी घेऊन आली. ती तळहाताएवढीच होती, कडेला फाटलेली, एका बाजूनं करपलेली. तिनं ती ताटात ठेवली आणि माझ्यासमोर उकिडवी बसली. पिठानं पांढरे झालेले तिचे हात गुडघ्यांवर होते.

“पीठ सरलं, शालन,” ती म्हणाली. “ही शेवटची.”

मी त्या भाकरीकडे बघितलं. तिचे फार तर सहा घास झाले असते. नखाएवढे केले तर बारा. बारा घासांनंतर तांब्या पुढं येणार होता. माझ्यानं आता एकही गिळला गेला नसता.

मी ताट पुढं सरकवलं.

“अक्काताई, पिठल्याला फोडणी का दिली नाही?”

तिनं हिंदुरावांकडे बघितलं. हिंदुरावांनी कॅलेंडरकडे.

“गॅसचं आपलं...” ते म्हणाले.

“बाईमाणूस आहे मी,” मी म्हणाले. माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. “बिनफोडणीचं पिठलं कुठल्या घरात शिजतं ते मला कुणी सांगावं लागत नाही. मीही वाढलंय ते लोकांना.”

अक्काताई माझ्याकडे बघत राहिली. मग तिचं तोंड हळूहळू उघडलं. तिनं पिठाचा हात कपाळावर मारून घेतला.

“आगं बाई गं! हे आलं व्हय तुझ्या मनात? म्हणून खात सुटलीस? आगं न्हाई! न्हाई गं! फोडणी दिली की धूर हुतो. खिडकी उघडता येत न्हाई थंडीची. ठसका बसतो, जीव कासावीस हुतो. महिना झाला ह्या घरात कढई तापली न्हाई म्हणून.”

“ठसका कुणाला बसतो?”

जगू भाऊजी मोरीच्या दारात ओल्या तोंडानं उभे होते.

आणि आडभिंतीपलीकडे कुणीतरी खोकलं. दाबून, तोंडावर हात धरून. पण खोकला असा दाबता येत नाही. भट्टीवरच्या माणसाचा कोरडा, दोन ठेक्यांचा खोकला. वर्षातले वीस दिवस तो माझ्या उशाशी असायचा आणि उरलेलं वर्ष मी त्याच्याविना झोपायची सवय करायचे.

अक्काताई उठली. पिठाच्या तळव्यानं तिनं आडभिंतीवर दोनदा थाप मारली. कॅलेंडर हललं.

“मीच सांगीन, मीच सांगीन म्हणाला हुता न्हवं? कुणी सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली आम्हांला. आता सांगा! माझं पीठ सरलं.”

पलीकडून त्यांचा आवाज आला. जत्रेत घरी आल्यावर उंबऱ्यातून यायचा तसा, थट्टेचा, फक्त जरा घोगरा.

“सहा थापल्यास, अक्काताई. मी मोजल्या.” आणि मग, “शालन, गावाकडं दुष्काळ पडलाय का गं?”

माझ्या तोंडून जो आवाज निघाला तो हसण्याचा होता की कशाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. मी खरकट्या हातानंच उठले. पडद्याला पिठलं लागलं ते अक्काताईनं नुसतं बघितलं.

ते खाटेवर बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. दाढी केलेली, तेल लावून भांग पाडलेला. भांग उजवीकडे होता. ते डावीकडे पाडत. कुणीतरी दुसऱ्यानं पाडला होता. गालांवर, कानांपर्यंत, कातडी नवीन आलेली, गुलाबी, तेजाब उडालेल्या जागी येते तशी. पायाशी पडलेला पेला तसाच होता.

मी अनवाणी, आवाज न करता, खाटेच्या कडेपर्यंत गेले. ते दाराकडे तोंड करून हसत होते.

“आत ये की,” ते दाराला म्हणाले. “तिथं काय उभी राहिलीस?”

“मी आत आले आहे,” मी म्हणाले.

त्यांचं तोंड माझ्या आवाजाकडे वळलं, जरा उशिरा, आणि माझ्या खांद्यापाशी येऊन थांबलं. हसू तसंच होतं. मी त्या हसण्याकडे बघत राहिले. मग तेही हळूहळू गेलं. त्यांनी हात पुढं केला, माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेत, आणि तिथंच धरून ठेवला.

“शालन,” ते म्हणाले, “मला दिसत न्हाई गं.”